मडमची साक्ष

जीव मुठीत धरून पळत येतानाही नानीबाईने मिशनच्या देवळाच्या मागच्या दाराशी चपला काढून ठेवल्या होत्या. वीरसिंगने त्या उचलल्या, इकडेतिकडे पाहिलं आणि शिंदीच्या झावळ्यांच्या ढिगाखाली सारल्या. मग झावळ्यांचा भारा काखेत मारून तो देवळाला वळसा घालून पुढे आला आणि मोठ्या दाराच्या पायरीवर बसून पाती सोलू लागला. झावळ्यांचा रविवार तीन दिवसांवर आला होता. पाळकाने पायरीवर बसून झावळ्या सोलाव्यात यात कुणाला काही वावगं दिसण्यासारखं नव्हतं. 

मोठ्या दाराला आतून आडसर होता. मागच्या दाराला त्याने बाहेरून कडी घातली होती. नानीबाईला आत ढकलताना तो एवढंच म्हणाला होता, की आवाज करू नको, तुला काही होणार नाही, तू काही केलेलं नाहीस. तिने मान हलवली होती, पण आजाऱ्याला कुणी बरा होशील म्हटल्यावर तो जशी हलवतो तशी.

त्याची बायको रुखमाबाई मोबाइल घेऊन पाझर तलावाच्या बांधाकडे गेली होती. आमसरपाड्यात रेंज मिळायची ती त्या बांधावर, तीही पळसाखाली उभं राहिलं तर. फोन लागला तरी पोलिसांची जीप यायला दीड तास लागणार, आणि साहेब बंदोबस्ताला दुसरीकडे असले तर अडीच. वीरसिंगने हा हिशेब तीनदा करून पाहिला होता. दर वेळी उत्तर तेच येत होतं.

आधी रस्त्यावर धूळ दिसली, मग माणसं. पंचवीस-तीस तरी असतील. कुणी ओरडत नव्हतं. ओरडणारी गर्दी असती तर त्याला थोडं बरं वाटलं असतं, ओरडून माणूस दमतो तरी. ही माणसं मोहाची फुलं वेचायला निघाल्यासारखी गुमान चालत येत होती. चार-सहा जणांच्या हातात काठ्या होत्या. सगळ्यांच्या पुढे रेवजी होता आणि त्याचे हात रिकामे होते. वीरसिंगला काठ्यांपेक्षा त्या रिकाम्या हातांचीच जास्त भीती वाटली.

चार दिवसांपूर्वी त्याने हेच हात धरले होते. रेवजीचा नवनीत सात वर्षांचा होता. आठ दिवस ताप अंगात मुरला, नवव्या दिवशी खांडबाऱ्याच्या दवाखान्याच्या वाटेवर मोटारसायकलवरच पोर गेलं. बापाने ते मधे बसवून नेलेलं होतं आणि परत आणतानाही मधेच बसवून आणलं. रेवजी देवळात येणारा नव्हता, पण वीरसिंग मातीला गेला होता. त्यानंतर भगताने सुपात दाणे टाकून पाहिले आणि सांगितलं, पोराला डाकिणीने खाल्लं, उगवतीच्या अंगाला राहणारी, एकटी, परक्याच्या लेकराला खाऊ घालणारी. अशा वर्णनात गावातल्या चार बाया बसल्या असत्या. पण बाकी तिघींना मुलगे होते. नानीबाईला कुणी नव्हतं.

गर्दी पायऱ्यांशी आली आणि थांबली. पायऱ्या सात होत्या, वीरसिंग सर्वांत वरच्या पायरीवर. खालच्या पायरीवर कुणीच पाय ठेवला नाही.

"दार उघाडा, पाळकदादा," रेवजी म्हणाला.

"काबर?"

"ती मझार शे. पयतांना देखं आम्ही तिले."

वीरसिंगने झावळीचं एक पातं ओढून काढलं. "शे," तो म्हणाला. ती आत आहे हे त्याने कबूल करून टाकलं; खोटं बोलायची सवय नसली की माणूस सुचायच्या आधीच खरं बोलून बसतो. "पोलिसांले फोन करेल शे, रेवजीभाऊ. त्या येतीन. जे व्हई ते त्यास्ना समोर व्हई."

गर्दीत चुळबुळ झाली. सगळ्यांत मागे पोलीस पाटील हिलाल उभा होता. टोपी काढून हातात धरलेली, नजर देवळाच्या कौलांवर. गावाच्या पुढे उभं राहून पाटीलकी करता येते, पण गाव चालून निघालं की त्याच्या मागे चालणं बरं, हे हिलालला वीस वर्षांत चांगलं उमगलं होतं. आपला उपयोग होणार नाही हे त्याने वीरसिंगला नजरेनेच सांगून टाकलं.

पण माणसं थांबली होती हे खरं. पायरीवर पाय पडत नव्हता. त्याला कारण होतं, आणि ते कारण वीरसिंगनेच महिनाभरापूर्वी आपल्या हाताने मोडून टाकलं होतं.

या देवळात मडम आहे, असं गाव शंभर वर्षं म्हणत आलं. मानमोडीची, म्हणजे इन्फ्लुएन्झाची, साथ आली त्या सालात इथे एक गोरी मिशनरी बाई होती. तिचं नाव आता कुणाला ठाऊक नाही, मागच्या चिंचेखालच्या थडग्यावरची अक्षरंही झिजून गेलीत. तिने आजारी लेकरं या देवळात आणून बाकांवर निजवली. अकरा गेली, मग ती गेली. पण गेली नाही, असं गावाचं म्हणणं. ती अजून बाकावर बसून असते. दुपारची कधी घंटा आपोआप वाजते, कधी आतून घोरल्यासारखा आवाज येतो. चांगल्या मनाने येणाऱ्याला ती काही करत नाही, पण मनात पाप घेऊन उंबरा ओलांडला की मान मोडते. हिलालचा चुलत आजा घंटेचं पितळ चोरायला शिरला होता. सकाळी तो दारात सापडला, आणि पुढे जगला तेवढी वर्षं डाव्या खांद्याकडे बघतच जगला. तो मनोऱ्यावरून पडला असेल, असं म्हणायची सोय होती. पण तसं कुणी म्हणत नसे.

वीरसिंग तीस वर्षांपूर्वी इथे पाळक म्हणून आला तेव्हापासून मडमशी त्याचा झगडा होता. देवापेक्षा भुताला जास्त माणसं मानतात हे त्याला सहन होत नसे. रविवारी दहा-बारा घरं उपासनेला येत, तीही दार सताड उघडं ठेवून बसत. तीस वर्षं पालथ्या घड्यावर पाणी ओतून झालं. मग गेल्या महिन्यात शिडी लावून तो घंटेच्या मनोऱ्यात चढला आणि त्याला मडम सापडली.

त्याने सगळ्या गावाला बोलावलं. ख्रिस्ती, बिगर ख्रिस्ती, झाडून सगळ्यांना. सर्वांच्या देखत तो शिडीने वर गेला आणि टोपलीत घालून घुबडाची तीन पांढरी पिल्लं खाली घेऊन आला. घोरण्याचा आवाज त्यांचा होता. घंटेच्या दोरावर त्यांची माय बसत असे. "ही पाहा तुमची मडम," तो म्हणाला होता. पोरं हसली, मग बाया हसल्या, मग पुरुष. त्या दिवशी गावातली पोरं देवळाच्या बाकांवरून पळापळी खेळली. वीरसिंग रात्रभर आनंदाने जागा होता. त्या पळणाऱ्या पोरांत नवनीतही होता.

"दादा," रेवजी म्हणाला, "तुम्हीच टोपलीमा काढी दखाडी ना मडम? घुबडना पिलं व्हतात ना?"

वीरसिंगने हातातली झावळी खाली ठेवली.

"मंग आमले कसानं भेव दखाडी ऱ्हायनात?"

कुणीतरी मागून म्हणालं, "मडम-बिडम काही नई शे. पाळकदादानी सवता सांगं." त्या आवाजात धीर होता, आणि तो धीर वीरसिंगचा होता. त्यानेच वाटलेला होता, पदरचा.

रेवजीने पहिल्या पायरीवर पाय ठेवला.

खाली काही झालं नाही. आभाळ कोसळलं नाही, घंटा वाजली नाही. रेवजीच्या मागे दुसऱ्या एकाने पाय ठेवला. मग तिसऱ्याने.

वीरसिंगच्या लक्षात आलं, की आता आपण काय बोलतो त्यावर आत बसलेल्या बाईचं जगणं अवलंबून आहे. कायदा सांगितला तर हे लोक ऐकून घेतील आणि दार फोडतील. हात जोडले तर ते त्याला उचलून बाजूला ठेवतील, कदाचित आदरानेच. अठ्ठावन्न वर्षांचा माणूस, तीस जणांपुढे काय करणार? त्यांना अडवू शकेल अशी गावात एकच होती, आणि तिला त्याने टोपलीत घालून खाली आणलं होतं.

"थांब, रेवजी," तो म्हणाला.

रेवजी तिसऱ्या पायरीवर होता.

"सांगा मंग," रेवजी म्हणाला. त्याच्या आवाजात राग नव्हता, तो खरंच विचारत होता. "तुम्ही खोटं बोलतस नई हे बठ्ठा गावले माहीत शे. एकच सांगा. मडम शे का नई?"

सगळी गर्दी वीरसिंगच्या तोंडाकडे बघत होती. हिलालसुद्धा. वीरसिंगला आपण व्यासपीठावर उभे आहोत असं वाटलं. तीस वर्षांत एवढे कान त्याच्या शब्दासाठी एकदाही टवकारले नव्हते.

"शे," तो म्हणाला.

"आते शे का?" एक जण कुत्सितपणे हसला. "मांगे नव्हती, आज उनी?"

"मांगे बी व्हती." वीरसिंग उभा राहिला. त्याचे कान तापले होते, लाज वाटत होती, आणि ती लाज लपवायचा त्याने प्रयत्न केला नाही. लपवली असती तर कदाचित कुणी विश्वास ठेवला नसता. "त्या दिन मी खोटं बोलनू."

कुणी हललं नाही.

"घुबड घुबडच व्हतं. पण मडम येगळी शे. लोके भेवाना मुळे देवळात येतस नई, म्हणीसन मी घुबडले मडम करं. माले माणसं जोयजे व्हतात बाकवर." तो थांबला. पुढचं वाक्य त्याने आयुष्यात कुणापुढे उच्चारलं नव्हतं. "गाव मन्हा आयकत नव्हतं, तेन्हं माले वाईट वाटे."

हे शेवटचं मात्र खरं होतं. खोट्यात एवढं एक खरं पडलं आणि सगळं खरं वाटू लागलं. पुढच्या रांगेतला एक म्हातारा हळूच मान हलवू लागला, जणू हे त्याला पहिल्यापासून माहीत होतं.

रेवजी मात्र हलला नाही. "पुस्तकवर हात ठेवा," तो म्हणाला.

शपथ वाहू नये असं वीरसिंगने किती तरी रविवारी शिकवलं होतं. पवित्र शास्त्र त्याच्या शेजारी पायरीवरच होतं, झावळ्या मोजायला म्हणून आणलेल्या वहीखाली. त्याने वही बाजूला केली. काळं पुठ्ठ्याचं पुस्तक, कोपरे झिजलेले, त्याच्या बापाकडून आलेलं. त्याने त्यावर उजवा हात ठेवला. पुठ्ठा उन्हाने तापला होता.

"मी मडमले मन्हा डोयांनी देखेल शे," तो म्हणाला.

"कवय?"

"मन्ही धाकली आंडेर गयी ना, तवय. रातभर मी आठे बठेल व्हतू. ती मन्हा बाजूले बठेल व्हती."

ती रात्र खरी होती. बावीस वर्षांपूर्वीची. मुलगी खरी होती. बाजूला कुणी नव्हतं. त्या रात्री बाजूला कुणी नसणं हीच त्याची सगळ्यांत मोठी जखम होती, आणि त्या जागेवर त्याने आता भूत बसवलं. स्वतःची किळस यावी असं ते होतं. पण रेवजीचा चेहरा बदलला. ज्याचं लेकरू चार दिवसांपूर्वी गेलं त्याला हे ऐकवणं म्हणजे काय, ते वीरसिंगला बोलून झाल्यावर कळलं.

 मग रेवजीने विचारलं, "मंग ती डाकीनले मझार कसं येऊ देई?"

 आतापर्यंत जे बोलला त्याच्याच उताराने वीरसिंग पुढे घसरत गेला. "तेच सांगस. ती तिना हातमा शे आते. आपला हात कसाले खराब करो? ती डाकीन ऱ्हायनी तं मडम सोडाव नई. दिन बुडापर्यंत मान मोडी टाकी." डाकीण हा शब्द त्याने तीस वर्षांत तोंडातून काढला नव्हता. "अन् दिन बुडना तरी ती जित्ती ऱ्हायनी, तं रेवजीभाऊ, मंग तिले कोनी हात लावाना नई."

गर्दीतून एक सुटकेचा सूर उठला. सुंठेवाचून खोकला जात असेल तर कुणाला नको असतं? खरं म्हणजे त्यांतल्या निम्म्यांना काठीचं काय करायचं हेच ठाऊक नव्हतं, ते आपले चालत आले होते. हिलालने टोपी डोक्यावर घातली. आता त्याला पाटीलकी आठवली. "बराबर शे," तो पुढे येत म्हणाला. "दिन बुडापर्यंत कोनी देऊळमा जावानं नई. पाळकदादानी बी नई. चला, आपापला घर चला."

रेवजी मात्र वर चढला. चौथी पायरी, पाचवी, सहावी. वीरसिंग त्याच्या आणि दाराच्या मधे होता. रेवजीने त्याला ढकललं नाही. त्याच्या खांद्यावरून हात पुढे करून त्याने तळवा दारावर ठेवला. जुनं सागाचं दार, फळ्यांच्या फटीतून बोट जाईल असं. तो दाराशी तोंड नेऊन बोलू लागला, आणि ते वीरसिंगशी नव्हतं.

"मडममाय, मन्हा आंडोर सात वरीसना व्हता. तुन्हा बाकवर खेयना व्हता तो. तिनी खादा व्हई तं तू देख. तिनी नई खादा व्हई तं..."  कपाळ दाराला टेकवून तो तसाच उभा राहिला. मग तो खाली उतरला आणि रस्त्यापलीकडच्या चिंचेखाली जाऊन बसला. तो काही घरी गेला नाही. हिलाल त्याच्या शेजारी बसला.

बाकीची माणसं पांगली. वीरसिंग पायरीवर बसून राहिला. त्याला आत जायचं नव्हतं, हिलालने सगळ्यांसमोर सांगितलं होतं. आतून काही आवाज येत नव्हता. खोकलासुद्धा नाही. बाई शहाणी आहे, गप्प बसली आहे, असं त्याने मनाला सांगितलं. प्रार्थना करायला गेला तर शब्द जुळेनात. खोटं बोलून वाचवल्याबद्दल देवाचे आभार मानायचे की क्षमा मागायची, हेच ठरेना. शेवटी तो नुसत्या झावळ्या सोलत बसला आणि गरजेपेक्षा तिप्पट झावळ्या सोलून झाल्या.

ऊन उतरलं तेव्हा रुखमाबाई आली. चालून चालून तिचा चेहरा काळवंडला होता. फोन लागला होता, जीप निघाली होती, मोठ्या रस्त्यावरून आत वळली की दिवे दिसतील. तिने नवऱ्याकडे पाहिलं. वाटेत भेटलेल्या माणसांनी तिला सगळं सांगितलं असणार.

"पुस्तकवर हात ठेवा तुम्ही?" तिने हळू विचारलं.

त्याने मान हलवली.

"पोरीनं नाव लिधं?"

गेलेल्या लेकीचं नाव घेतल्याचं कबूल करताना त्याने मान खाली घातली. ती थोडा वेळ उभी राहिली. मग त्याच्या शेजारी बसली आणि पायरीवर सांडलेली पाती गोळा करू लागली.

सूर्य डोंगराआड गेला तसा वीरसिंग उठला. "दिन बुडना," तो पलीकडे ऐकू जाईल असं म्हणाला. "मी देखी येस."

"तुम्हीच जा," हिलाल तिथूनच म्हणाला. "आम्ही येवाव नई." रेवजी उठून उभा राहिला होता, पण जागचा हलला नाही.

वीरसिंगचा बेत सरळ होता. मागच्या दाराने तिला काढायचं, आंब्यांच्या आडून वळणापर्यंत न्यायचं आणि तिथे जीपमध्ये बसवायचं. रेवजीच्या नजरेला ती पडायला नको. पुढे ती कुठे राहील, कुणाकडे, ते उद्या पाहता येईल. आज जीव वाचला एवढं पुष्कळ होतं.

त्याने मागची कडी काढली. आत अंधारत आलं होतं. त्याने तिला जिथे बसवलं होतं त्या कपाटामागच्या कोपऱ्यात ती नव्हती.  मग ती दिसली. बाकांच्या दोन रांगांमधल्या मोकळ्या वाटेवर, अगदी मधोमध, ती मांडी घालून बसली होती. पदर डोक्यावरून काढलेला. दोन्ही हातांनी तिने स्वतःची मान धरून ठेवली होती.

तेव्हा कुठे वीरसिंगला कळलं, की दाराच्या फटी दोन्ही बाजूंनी सारख्याच असतात.

"नानीबाई," तो म्हणाला.

"दिन बुडना का?"

"बुडना. गाडी यी ऱ्हायनी. ऊठ, मांगला दारनं निंघी जाऊत."

"पुरा बुडना?"

"पुरा."

तिने हात खाली घेतले. मान आधी डावीकडे वळवली, मग उजवीकडे. हळूहळू. मग तिचे खांदे हलू लागले, आणि ती रडते आहे हे त्याला आवाजावरून नाही, खांद्यांवरून कळलं. तो तिच्याजवळ गेला.  या बाईला आपण तिच्या न्यायाधीशापुढे कोंडून बाहेर झावळ्या सोलत बसलो होतो, एवढंच त्याच्या डोक्यात येत राहिलं.

"नानीबाई, मी जे बोलनू ना, ते..."

"बठ्ठं आयकं मी." तिने पदराने तोंड पुसलं. "दादा, तुमले एक सांगू? कोनले सांगेल नई."

तो समोरच्या बाकाच्या कडेवर टेकला.

"होळीना दिन नवनीतले चारोया दिध्या मी. तो खाई ऱ्हायंता, मी देखी ऱ्हायंती. मन्हा मनमा उनं, हाऊ मन्हा नातू ऱ्हाता तं. इतलंच उनं. अन् पंधरा दिनमा तो पडना." ती थांबली. "लोके बोलाले लागनात, तवय माले बी वाटनं, खरं व्हई. आपली नजर कशी शे ते आपले थोडंच समजस? तुम्ही सांगं, तू काही करं नई. पण तुम्हले काय माहीत मन्हा मनमा काय उनं व्हतं?"

बाहेर लांबवर जीपचा आवाज आला. चढावर गिअर बदलल्याचा.

"मंग तुम्ही तिनी साक्ष काढी. मी कोपरामाईन उठनी, आठे मधोमध यी बठनी. म्हनं, माय, मी ती ऱ्हायनी तं मोडी टाक, आते मोडी टाक. आख्खी दुपार बठनी. एकदाव माले वाटनं, बाजूले कोनी तरी शे." तिने पुन्हा मानेवर हात ठेवला, या वेळी अलगद. "तिनी काही करं नई, दादा. मी डाकीन नई शे."

हे तिने सांगितलं ते त्याला पटवून द्यायला नव्हे. गावाहून पत्र यावं आणि त्यातली बातमी मोठ्याने वाचावी तसं ती ते स्वतःला ऐकवत होती.

तो तिला तीस वर्षं ओळखत होता. तिने कुणाचं वाईट चिंतलं नाही हे त्याला ठाऊक होतं. पण त्याच्या ठाऊक असण्याने तिचं काही भागत नव्हतं, हे त्याला आत्ता दिसलं. खरं सांगायला एक वाक्य पुरलं असतं. आत कुणी नव्हतं, नानीबाई, मी खोटं बोललो. मग ती पुन्हा होळीच्या त्या दिवसापाशी जाऊन बसली असती, आणि तिथून तिला कुणीच उठवू शकलं नसतं. पोलीस नाहीत, तो नाही.

"कोठे बठस ती?" तिने विचारलं.

वीरसिंगने इकडेतिकडे पाहिलं. मग हात वर करून त्याने खिडकीजवळच्या एका बाकाकडे बोट दाखवलं. नानीबाई उठली, त्या रिकाम्या बाकापुढे गेली आणि वाकून तिने त्याच्या लाकडाला हात लावून तो कपाळाला लावला.

"येस माय," तिने निरोप घेतला.

जीप देवळासमोर थांबल्याचा आवाज झाला. कुणीतरी दार आपटलं, हिलालचा आवाज आला, मग एक अनोळखी, सरकारी आवाज. वीरसिंग मागच्या दाराकडे वळला.

"तिकडून नई," नानीबाई म्हणाली. ती ताठ उभी होती. "मी काबर लपीसन जाऊ? पुढलं दार उघाडा. रेवजी बठेल शे ना भाईर? तेले सांगनं शे माले."

"काय सांगशी?"

"मडमनी सोडं म्हनीसन. तेन्हं पोर मी खादं नई. तेले बी कळू द्या, बिचाराले."

 बाहेर चार दिवस न झोपलेला एक बाप उभा होता. तो विश्वास ठेवील की त्याचे ते रिकामे हात पुढे येतील, हे सांगता येत नव्हतं. आणि ज्या साक्षीच्या बळावर ही बाई त्याच्यासमोर जायला निघाली होती ती साक्ष कुणाची, हे या देवळात एकट्या वीरसिंगलाच माहीत होतं. तिला अडवायला अजूनही ते एकच वाक्य पुरलं असतं.

त्याने आडसर काढला, दार उघडलं आणि तिच्या पुढे होऊन तो आधी बाहेर पडला.